विमान कंपनीच्या गेममध्ये रूटचा नफा कसा जोखायचा

गेममधल्या माझ्या पहिल्या कंपनीचे चौदा रूट होते. रिपोर्टच्या पानावर चौदाच्या चौदा हिरवे. बँकेतली रक्कम मात्र दर आठवड्याला थोडी थोडी आटत होती. बरेच दिवस मला वाटत राहिलं की गेममध्येच काहीतरी बग आहे. बग नव्हता. रूटच्या पानावर दिसणाऱ्या नफ्यात विमानांची लीज, म्हणजे भाडं, धरलेलीच नव्हती. ती महिन्याच्या ताळेबंदात, वेगळ्या टॅबमध्ये, एका ओळीत गुपचूप बसली होती, आणि मी तो टॅब कधी उघडतच नव्हतो.

तेव्हापासून रूटच्या पानावरचा हिरवा आकडा मी अर्धवट ऐकलेल्या बातमीसारखा धरतो. खोटी नसते, पण त्यावर निर्णय घेता येत नाही. निर्णय घ्यायला जो आकडा लागतो तो बहुतेक गेम आयता देत नाहीत, आपल्याला काढावा लागतो. विमानाचा एक तास या रूटवर खर्च केला तर हातात काय उरतं, हा तो आकडा. तो कसा काढायचा, कुठे विश्वास ठेवायचा आणि कुठे तोही फसवतो, ते क्रमाने सांगतो.

आधी गेमचा ‘नफा’ म्हणजे काय ते ओळखा

हा शब्द प्रत्येक गेम आपापल्या सोयीने वापरतो. काही ठिकाणी तिकिटांच्या उत्पन्नातून फक्त इंधन आणि विमानतळाची फी वजा होते. काही ठिकाणी क्रूचे पगार धरतात, देखभाल सोडतात. एखादा गेम लीजसुद्धा रूटवर वाटून टाकतो, पण कुठल्या हिशेबाने वाटली ते सांगत नाही. हा प्रकार सगळ्यात त्रासदायक.

मदतीचं पान वाचून हे कळेलच असं नाही. खात्रीचा उपाय म्हणजे एक विमान, एक रूट, एक दिवस. विमान सुटण्याआधी बँकेतली रक्कम लिहून ठेवा, परत आल्यावर पुन्हा लिहा. दोन्हीतला फरक आणि रूटच्या पानावरचा नफा शेजारी ठेवा. आकडे जुळले नाहीत तर तफावत कुठल्या खर्चाची, ते शोधा. लीज रोज कापली जाते की महिन्याला, तेही याच वेळी कळतं. कंपनी नवी असताना हे दहा मिनिटांचं काम आहे. चाळीस विमानं झाल्यावर कुणाचा खर्च कुठे गेला ते शोधताना डोकं धरून बसावं लागतं.

मग सगळ्या खर्चाचे चार ढीग करा:

प्रवाशागणिक खर्च: खाणंपिणं, प्रवासी फी, बुकिंगचं कमिशन. प्रवासी आला नाही तर खर्चही नाही.

उड्डाणागणिक खर्च: इंधन, लँडिंग फी, ग्राउंड हँडलिंग (सामान, सफाई अशी जमिनीवरची कामं), क्रू, उड्डाणाच्या तासांवर आणि लँडिंगवर लागणारी देखभाल. विमान रिकामं उडालं तरी जवळजवळ तेवढाच.

विमानागणिक खर्च: लीज किंवा घसारा, आणि विमा. विमान दिवसभर उभं राहिलं तरी चालूच.

कंपनीगणिक खर्च: मुख्यालय, जाहिराती, कर्जाचं व्याज.

क्रूचा खर्च प्रवाशांवर नाही, सीटांवर ठरतो, म्हणून तो दुसऱ्या ढिगात. प्रत्यक्षातही बहुतेक ठिकाणी दर ५० सीटांमागे किमान १ केबिन क्रू लागतो. त्यामुळे १५० सीटांना ३ पुरतात आणि १५१ व्या सीटला चौथा घ्यावा लागतो. तुमचा गेम हा नियम पाळत असेल तर सीटांची मांडणी करताना एवढं पाहून घ्या.

चौथा ढीग रूटवर वाटू नका. मुख्यालयाचा खर्च चौदा रूटवर सारखा वाटला की दोन दुबळे रूट लाल होतात. ते बंद केले की तोच खर्च बारा रूटवर पडतो, मग आणखी एक लाल होतो. अशी कापाकापी करत एका खेळाडूने बावीस रूटची कंपनी पाचवर आणलेली मी पाहिली आहे. मुख्यालय होतं तिथेच होतं.

तिकिटांच्या उत्पन्नातून पहिले दोन ढीग वजा करून जे राहतं त्याला या लेखात मी ‘शिल्लक’ म्हणतो. पुढचा सगळा हिशेब या शिल्लकेवर.

दोन रूट शेजारी ठेवून पाहू

समजा एअरबस ए३२० च्या आकाराचं, १८० सीटांचं एक विमान आहे. लीज दिवसाला १०,०००. इंधन किलोला ०.८०. चलन तुमच्या गेमचं जे असेल ते. आकडे उदाहरणापुरते आहेत, पण अगदीच हवेतले नाहीत. अशा विमानाला तासाला साधारण अडीच टन इंधन लागतं.

आखूड रूट ५०० किलोमीटरचा, एका बाजूला १ तास १० मिनिटं. एका उड्डाणाचा हिशेब असा:

१४० प्रवासी, तिकीट ७०, उत्पन्न ९,८००
इंधन २,४०० किलो: १,९२०
विमानतळ आणि हँडलिंग: १,७००
क्रू: ७००
देखभाल: १,०००
प्रवाशागणिक ९ प्रमाणे: १,२६०
शिल्लक: ३,२२०

लांब रूट २,००० किलोमीटरचा, एका बाजूला २ तास ५५ मिनिटं:

१५३ प्रवासी, तिकीट १२०, उत्पन्न १८,३६०
इंधन ६,४०० किलो: ५,१२०
विमानतळ आणि हँडलिंग: १,७००
क्रू: १,७५०
देखभाल: २,०५०
प्रवाशागणिक १४ प्रमाणे: २,१४२
शिल्लक: ५,५९८

जाऊन-येऊन पूर्ण फेरीचे आखूड रूटवर ६,४४० आणि लांब रूटवर ११,१९६. लोड फॅक्टर, म्हणजे भरलेल्या सीटांचं प्रमाण, तेही लांब रूटचं चांगलं, ८५ टक्के. आखूड रूटचं ७८. रिपोर्टच्या पानावर लांब रूट वर दिसणार आणि आखूड खाली. नवा खेळाडू पुढचं विमान कुठे लावणार ते सांगायला नको.

विमानाचा तास मोजा

आता घड्याळ आणा. फेरीचा वेळ म्हणजे फक्त हवेतला वेळ नव्हे. विमान उतरल्यापासून पुन्हा सुटेपर्यंतचा, म्हणजे टर्नअराउंडचा वेळही त्यात धरायचा. तो ४० मिनिटं धरू.

आखूड रूटची फेरी: ७० + ४० + ७० + ४० = २२० मिनिटं.
लांब रूटची फेरी: १७५ + ४० + १७५ + ४० = ४३० मिनिटं.

शिल्लकेला तासांनी भागा. आखूड रूट तासाला १,७५६ देतो, लांब रूट १,५६२. चित्र उलटलं. फेरीला जवळजवळ पावणेदोन पट देणारा रूट तासाच्या हिशेबात मागे पडला.

हा भागाकार करायचा कारण गेममध्ये पैसा कर्जाने मिळतो, विमानं लीजवर मिळतात, पण एका विमानाच्या दिवसाचे तास कुठल्याच बँकेत मिळत नाहीत. रात्री विमानतळ बंद राहत असतील तर २४ चेही १८ च उरतात. १९७२ मध्ये अमेरिकेतल्या साउथवेस्टने पैशांच्या चणचणीपायी चारपैकी एक विमान विकलं आणि चार विमानांचं वेळापत्रक तीन विमानांवर चालवलं. त्यासाठी जमिनीवरचा वेळ १० मिनिटांवर आणला. तुमच्या गेममध्ये टर्नअराउंड कमी करायची सोय असेल, जास्त हँडलिंग स्टाफ किंवा दोन्ही दारांनी चढउतार अशी, तर तिची किंमत याच हिशेबात तोला. आणि ती आधी आखूड रूटवर लावा. तिथे २२० पैकी ८० मिनिटं विमान जमिनीवर असतं, लांब रूटवर ४३० पैकी ८०.

‘प्रति सीट-किलोमीटर नफा’ हा आकडाही बरेच जण वापरतात. खऱ्या कंपन्यांच्या तुलनेसाठी तो ठीक आहे. गेममध्ये मी तो फारसा पाहत नाही, कारण माझ्याकडे किलोमीटरची टंचाई नसते.

आता त्या तासाच्या आकड्यालाही पूर्ण भुलू नका

आखूड रूट तासाला जास्त देतो, मग सगळा दिवस त्याच्यावरच घालावा का? सकाळी ६ ते रात्री १२ म्हणजे १,०८० मिनिटं. पाच फेऱ्यांना १,१००, पण शेवटच्या फेरीनंतर लगेच उडायचं नसल्याने तिथली ४० मिनिटं वाचतात. म्हणजे १,०६०. पाच फेऱ्या बसतात. पाच गुणिले ६,४४०, दिवसाला ३२,२००. कागदावर हे झकास दिसतं.

पण १४० प्रवासी आले कुठून? गेमने त्या रूटला एक मागणी दिलेली असते. समजा ती एका बाजूला दिवसाला ४२० आहे. तीन फेऱ्यांत १४०-१४०-१४० असे ते सगळे जातात. शिल्लक १९,३२०.

चौथी फेरी लावली. तेच ४२० आता चार उड्डाणांत विभागले, प्रत्येकी १०५. एका उड्डाणाचं उत्पन्न ७,३५०, खर्च ६,२६५, शिल्लक १,०८५. फेरीला २,१७०. चार फेऱ्यांचे ८,६८०.

इथे थोडं थांबा. रिपोर्टच्या पानावर या चारही फेऱ्या हिरव्या आहेत. प्रत्येकीपुढे २,१७० चा नफा लिहिला आहे. लोड ५८ टक्के, फार वाईट नाही. पण दिवसाची शिल्लक १९,३२० वरून ८,६८० वर आली, म्हणजे १०,६४० गेले. हा आकडा एका फेरीच्या उड्डाणागणिक खर्चाइतकाच आहे, कारण चौथ्या फेरीने नवा प्रवासी एकही आणला नाही, फक्त स्वतःचं बिल आणलं. ते बिल चौघींनी मिळून वाटून घेतलं, म्हणून कुणीच लाल दिसत नाही.

पाचवी लावली की प्रत्येकीत ८४ प्रवासी उरतात आणि दर उड्डाणाला १९६ चा तोटा सुरू होतो. तेव्हा रिपोर्ट लाल होतो आणि खेळाडू पाचवी काढतो. चौथी तशीच राहते. माझ्या त्या चौदा हिरव्या रूटपैकी निदान चारांवर अशी एक-एक चौथी फेरी बसलेली होती.

म्हणून रूटची सरासरी पाहू नका, शेवटची फेरी पाहा. ती नसती तर दिवसाची एकूण शिल्लक किती असती? शंका आली की सगळ्यात सोपा प्रयोग करा. एक फेरी आठवडाभर काढून ठेवा आणि रूटची एकूण शिल्लक आधीच्या आठवड्याशी ताडून पाहा.

एक गोष्ट मात्र दुसऱ्या बाजूने सांगायला हवी. काही गेममध्ये फेऱ्या वाढल्या की मागणीही थोडी वाढते, किंवा प्रतिस्पर्ध्याचे प्रवासी तुमच्याकडे वळतात. सोयीच्या वेळी जास्त विमानं असलेली कंपनी लोक निवडतात, हे गेमनेही धरलेलं असतं. अशा वेळी चौथी फेरी ४२० चे ५०० करत असेल तर हिशेब बदलतो. किती करते ते त्या आठवड्याच्या प्रयोगातच दिसतं.

मग रिकामे राहणारे तास? तीन आखूड फेऱ्यांना ६६० मिनिटं गेली, त्यात एक लांब फेरी ४३० ची. एकूण १,०९०, शेवटची ४० वजा, १,०५०. दिवसात बसते. शिल्लक १९,३२० अधिक ११,१९६, म्हणजे ३०,५१६. दोन लांब आणि एक आखूड असं केलं तर २८,८३२. फक्त दोन लांब फेऱ्या करून विमान उभं ठेवलं तर २२,३९२. पहिला पर्याय सरस, आणि यात लोड फॅक्टरकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. फक्त देखभालीला किती वेळ मोकळा सोडायला लागतो ते तपासा. ज्या गेममध्ये विमानाची अवस्था घसरते तिथे दिवसाचा मिनिट न् मिनिट भरलेलं वेळापत्रक महिन्याभरात उड्डाणं रद्द करायला लावतं.

किती प्रवाशांवर खर्च निघतो

हा हिशेब छोटा, पण दर रूटला एकदा करून ठेवावा. उड्डाणागणिक खर्चाला, तिकीट वजा प्रवाशागणिक खर्च याने भागायचं. आखूड रूटवर ५,३२० भागिले ६१, म्हणजे ८८ प्रवासी. ही पहिली रेघ. त्याखाली विमान उडवण्यापेक्षा उभं ठेवलेलं बरं.

दुसरी रेघ लीजसकट. तीन आखूड आणि एक लांब फेरीचं वरचं वेळापत्रक साडेसतरा तासांचं, म्हणून लीज तासाला ५७१ पडते. आखूड रूटच्या एका उड्डाणावर १,०४८ येतात आणि रेघ १०५ प्रवाशांवर जाते, ५८ टक्क्यांवर. लांब रूटची रेघ १२० प्रवाशांवर, ६७ टक्क्यांवर.

या दोन रेघांमध्ये जो रूट आहे त्याबद्दल घाईने काही ठरवू नका. तो लीजचा सगळा भार उचलत नाही, पण काहीतरी उचलतो. त्याचं काय करायचं ते शेवटी येतंच.

लोड फॅक्टर एकटा काहीच सांगत नाही हेही यातून दिसतं. आयाटा या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेच्या आकड्यांनुसार २०२४ मध्ये जगभरातल्या विमानांचा सरासरी लोड ८३.५ टक्के होता, आणि तरी तोट्यातल्या कंपन्या होत्याच. गेममध्ये १०० टक्के लोड दिसला की मला आनंदापेक्षा संशय जास्त येतो. बहुतेक वेळा तिकीट स्वस्त लावलेलं असतं.

तिकिटाचा दर हलवून पाहा

आखूड रूटवर तिकीट ७० वरून ७७ केलं आणि प्रवासी १४० वरून १२८ वर आले असं धरा. लोड ७८ वरून ७१ टक्क्यांवर. उत्पन्न ९,८५६, खर्च ६,४७२, शिल्लक ३,३८४. दर उड्डाणाला १६४ जास्त. लोडचा आलेख खाली, पैसे वर. प्रवासी १२६ च्या खाली गेले असते तर मात्र तोट्याचा सौदा झाला असता.

गेमने सुचवलेला दर हा फक्त सुरुवातीचा मुद्दा समजा. तिथून पाच-पाच टक्क्यांनी वर जा, प्रत्येक बदलानंतर थांबा, शिल्लक लिहा. ज्या पायरीला शिल्लक घटते तिथून एक पायरी मागे या. दर आणि फेऱ्या एकाच आठवड्यात बदलू नका, नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही. हा नियम मी स्वतः अजून मोडतो आणि दर वेळी पस्तावतो.

अमेरिकन एअरलाइन्सने १९८५ मध्ये आगाऊ तिकीट घेणाऱ्यांना मोजक्या सीटा अगदी स्वस्त दिल्या आणि शेवटच्या क्षणी येणाऱ्या व्यावसायिक प्रवाशाचा दर चढाच ठेवला. बऱ्याच गेममध्ये एका वर्गाला एकच दर असतो, त्यामुळे ही चलाखी जमत नाही. तिथे वेगवेगळ्या वर्गांच्या सीटा हेच त्याचं रूप. बिझनेसची एक सीट इकॉनॉमीच्या दोघांची जागा खात असेल आणि तिकीट तिप्पट असेल तर ती फायद्याची वाटते. पण बिझनेस ६० टक्के भरत असेल तर तिचं सरासरी उत्पन्न १.८ पट, आणि त्याच जागेतल्या ८५ टक्के भरणाऱ्या इकॉनॉमीच्या दोन सीटांचं १.७ पट. फरक जेमतेम. बिझनेसची मागणी खरंच आहे का ते आधी पाहा, मग सीटा बदला.

विमान बदललं की रूट बदलतो

दिवसाला १०० प्रवाशांचा रूट १८० सीटांच्या विमानाने तोट्यातच जाणार. त्यात रूटचा दोष नाही. ५०० किलोमीटरवर ७० सीटांचं एटीआर ७२ जेटपेक्षा साधारण १५ मिनिटंच जास्त घेतं आणि इंधन निम्म्याहून कमी जाळतं. २,००० किलोमीटरवर तेच विमान झेपत नाही.

उलट टोकाचं उदाहरण सिंगापूर एअरलाइन्सचं. २००४ मध्ये त्यांनी सिंगापूर ते न्यूयॉर्कजवळचं न्यूअर्क अशी सुमारे १५,३०० किलोमीटरची थेट सेवा चार इंजिनांच्या ए३४०-५०० ने सुरू केली. २००८ मध्ये विमानात फक्त १०० बिझनेस सीटा ठेवून पाहिल्या. तरी २०१३ मध्ये सेवा बंद झाली. २०१८ मध्ये ती परत आली ती दोन इंजिनांच्या ए३५०-९०० यूएलआर या जास्त पल्ल्याच्या विमानावर, १६१ सीटांसह. शहरं तीच आणि अंतरही तेच असताना दुसऱ्या विमानाने तो रूट पुन्हा उभा राहिला.

इतक्या लांबच्या रूटवर इंधनाचं ओझं वाहायलाच इंधन लागतं. गेमने हे धरलं असेल तर किलोमीटरमागे इंधन अंतराबरोबर चढत जातं, आणि विमानाच्या पल्ल्याच्या टोकाशी सीटा रिकाम्या सोडाव्या लागतात. पल्ला पुरतो म्हणून रूट उघडू नका. टोकाच्या बऱ्याच अलीकडे राहिलात तर सीट भरून नेता येतात.

तोट्यातला रूट कुणाचं पोट भरतोय ते पाहा

ज्या गेममध्ये प्रवासी एका विमानातून उतरून दुसऱ्यात बसतात, एअरलाइनसिम या गेममध्ये बसतात तसे, तिथे एकट्या रूटचा हिशेब अर्धाच असतो. हबला, म्हणजे जिथून तुमचे रूट सुटतात त्या मुख्य शहराला, १० शहरं जोडली की हब धरून शहरांच्या ५५ जोड्या तयार होतात. अकरावं शहर जोडलं तर आणखी ११. नव्या रूटचा फायदा अशा वेळी बाकीच्या दहा रूटच्या रिपोर्टमध्ये दिसतो.

हा धडा मी पैसे देऊन घेतला. हबला जोडणारा ७० सीटांचा एक छोटा रूट रोज ९०० तोटा दाखवत होता. मी तो बंद केला. आठवड्याभरात लांब पल्ल्याच्या विमानांतला लोड घसरला आणि मी प्रतिस्पर्ध्याला शिव्या देत बसलो. मग जुना बुकिंगचा तक्ता उघडला. त्या छोट्या विमानातल्या ४८ प्रवाशांपैकी २२ जण पुढे माझ्याच लांबच्या विमानात बसत होते. पुढच्या टप्प्यावर प्रत्येकाकडून ३१० येत, खर्च ४० च्या आसपास. २२ गुणिले २७०, रोजचे ५,९४०. नऊशे वाचवण्यासाठी मी तेवढे घालवत होतो.

यात एक मेख आहे. ती लांबची विमानं तेव्हा सत्तर टक्केच भरत होती, म्हणून त्या २२ सीटा रिकाम्या राहिल्या. ती आधीच खचाखच भरत असती तर तिथे दुसरे कुणीतरी बसले असते आणि छोट्या रूटचं योगदान जवळजवळ शून्य धरावं लागलं असतं. म्हणजे फीडर रूटचं मोल पुढच्या विमानातल्या मोकळ्या सीटांवर ठरतं. तुमच्या गेममध्ये जोडप्रवासी नसतीलच तर हा सगळा भाग सोडून द्या, आणि कुणी ‘हबसाठी लागतो’ म्हणून तोट्यातला रूट चालवत असेल तर त्यालाही सांगा.

वाईट दिवसाचा हिशेब आजच करा

इंधन ३० टक्के महागलं तर? आखूड रूटची तासाची शिल्लक १,७५६ वरून १,४४२ वर येते, लांब रूटची १,५६२ वरून १,१३४ वर. प्रतिस्पर्धी आला आणि तिकीट १५ टक्के उतरवावं लागलं तर आखूड ९५५, लांब ७९४. दोन्ही एकदम झालं तर आखूड ६४०, लांब ३६५.

लीज तासाला ५७१ आहे. आखूड रूट दोन्ही फटके खाऊनही तिच्या वर राहतो, लांब रूट खाली जातो. आत्ता दोघांमध्ये फार अंतर दिसत नाही, पण सात वर्षांच्या लीजवर दुसरं विमान घ्यायचं असेल तर मी ते कुठल्या रूटच्या भरवशावर घेईन हे या दोन आकड्यांवर ठरवीन.

किती दिवस थांबायचं आणि कधी बंद करायचं

नवा रूट पहिल्याच दिवशी जोखू नका. तिकिटं उड्डाणाच्या काही दिवस आधीपासून विकली जात असतील तर पहिली काही विमानं अर्धी रिकामी जाणारच. हंगाम असलेल्या गेममध्ये सुट्ट्यांच्या महिन्यात उघडलेला रूट चांगला वाटतो आणि पुढच्या महिन्यात तोंडावर पडतो. वेळापत्रक आणि दर न हलवता गेममधले दोन पूर्ण आठवडे जाऊ द्या, मग आकडे घ्या.

ते एका साध्या शीटमध्ये लिहा. रूट, विमान, फेरीची मिनिटं, फेरीची शिल्लक, तासाची शिल्लक, शेवटच्या फेरीची शिल्लक, पुढे जाणारे प्रवासी. तासाच्या शिल्लकेनुसार क्रम लावा आणि तळाच्या ओळीपासून वर वाचत या.

तळाच्या रूटची शिल्लक उणे असेल आणि तो कुणाला प्रवासीही पुरवत नसेल, तर आधी छोटं विमान लावून पाहा, नाहीतर आजच बंद करा. मात्र गजबजलेल्या विमानतळावरचा स्लॉट, म्हणजे उतरण्या-सुटण्याची राखीव वेळ, सोडण्याआधी तो पुन्हा मिळेल का ते पाहा. काही गेममध्ये सोडलेला स्लॉट त्याच दिवशी दुसऱ्याच्या हाती जातो.

शिल्लक शून्याच्या वर आहे पण लीजपेक्षा कमी, असा रूट असेल तर त्या विमानाला दुसरीकडे जास्त देणारं काम आहे का ते बघा. असेल तर हलवा. नसेल तर चालू ठेवा, कारण विमान उभं केलं तरी लीज जाणारच आहे, आणि तो रूट तिच्यातला थोडा भाग तरी उचलतो. हे लीज संपेपर्यंतच खरं आहे. म्हणून अशा रूटच्या ओळीत आणखी एक रकाना करून लीज संपण्याची तारीख लिहा, आणि त्या दिवशी विमान परत करा, मुदत वाढवायचं बटण दाबू नका.